गोराईच्या मांडवातला सर्वश्रेष्ठ बेसवादक

आपल्या लग्नात कसलाही घोळ होणार नाही, असं कल्पितानं सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. तयारीही तशीच होती. बोरिवलीच्या जेट्टीवरून वऱ्हाड गोराईला आणायला होड्या ठरल्या होत्या. भटजींना दोनदा आठवण करून झाली होती. जिलेबीवाल्याला दम देऊन झाला होता. राहता राहिला एकच धोका, तो म्हणजे नवरा मुलगा आणि मुलीचा मामा यांनी मोकळेपणाने गप्पा मारण्याचा. त्यावरही तिने इलाज करून ठेवला होता आणि त्या इलाजाचा तिला भारी अभिमान होता.

हा धोका काय प्रकारचा ते आधी सांगायला हवं. बेस गिटार म्हणून एक वाद्य असतं. चार जाड तारा, आणि खर्जात गुरगुर. बँडमध्ये पुढे उभा राहून केस उडवतो तो बेसवादक नव्हे. त्याच्या मागे, जिथे दिवा पडत नाही तिथे, घरचा गॅस बंद केला की नाही अशा चेहऱ्याने जो उभा असतो तो बेसवादक. जगातली बहुतेक माणसं या वाद्याची आठवणही न काढता सुखाने जगतात आणि सुखाने मरतात. काही मोजकी माणसं मात्र ‘जगातला सर्वश्रेष्ठ बेसवादक कोण’ या प्रश्नावर आख्खं आयुष्य वाया घालवतात. त्यांतली दोन कल्पिताच्या वाट्याला आली होती.

पहिला जयवंतमामा. गोराईत त्याची स्वतःची मासेमारीची बोट होती. तरुणपणी गावातल्या ख्रिश्चन मित्रांच्या बँडमध्ये त्याने लग्नांतून बेस वाजवला होता. मित्रांची लग्नं झाली तसा बँड मोडला. बेस तेवढा राहिला, तो घरात फ्रिजच्या वरच्या खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्या दोन तारांवर आता मामी मुलांचे मोजे वाळत घालायची. पण वाजवणं सुटलं म्हणून मत सुटत नाही. मामाचं मत असं होतं, की जगात बेसवादक एकच झाला, जॉन एन्टविसल. बाकीचे सगळे तारा पुसतात. रॉक हेच संगीत. जॅझ म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी चाललेली खुडबूड, आणि ती ऐकायला तिकीट काढणारे लोक मूर्ख.

दुसरा अनिरुद्ध परब. म्हणजे साक्षात नवरा मुलगा. राहणार बोरिवली, नोकरी अंधेरीच्या एका विमा कंपनीत. याने हौसेने महागातला बेस घेतला होता, वाकोल्याला एका मास्तरांकडे शिकवणी लावली होती आणि बोटं दुखतात म्हणून सोडली होती. बेस आता कपाटाशेजारी कव्हर घालून उभा असतो, पाऊस पडणार असल्यासारखा. अनिरुद्धच्या मते जगात बेसवादक एकच, जॅझमधला जॅको पास्टोरियस. फारच दाराशी आलात तर चार्ल्स मिंगसला आत घेऊ. रॉक हा प्रकार त्याच्या मते शेजाऱ्यांना त्रास देण्यासाठी निर्माण झाला होता.

असा माणूस कल्पिताला आवडला कसा, असं तिच्या आईनेही विचारलं होतं. कल्पिता अंधेरीच्या एका लॅबमध्ये एक्स-रे काढते. अनिरुद्ध तिथे खोकला घेऊन आला होता. “श्वास घ्या, रोखून धरा,” असं ती म्हणाली आणि हा बाबा तिने ‘सोडा’ म्हणेपर्यंत लाल होऊन उभा राहिला. सांगितलेलं इतकं मनापासून ऐकणारा पुरुष तिने तोवर पाहिला नव्हता. ते ऐकणं फक्त एक्स-रेपुरतं होतं हे नंतर कळलं, पण तोवर तिचा जीव जडला होता.

आणि गंमत अशी, की मामाच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य तिला पहिल्याच भेटीत अनिरुद्धच्या तोंडून ऐकायला मिळालं. “बेस ऐकू येत नाही, कल्पिता. पण तो थांबला ना, तर बहिऱ्यालाही कळतं.” तिने चहाचा कप खाली ठेवला आणि मनात म्हटलं, झालं. या दोघांना एका खोलीत सोडलं तर माझं लग्न काही लागत नाही.

म्हणून तिने तो इलाज केला. अनिरुद्धला बजावलं, “मामासमोर संगीताचं नावही काढायचं नाही. विचारलंच तर भजन आवडतं म्हण.” आणि मामाला सांगितलं, “त्याला गाण्यातलं काही कळत नाही रे. बिचारा भजनं ऐकतो.” साखरपुडा त्यामुळे झकास पार पडला. मामाने अनिरुद्धकडे पाहिलं ते थेट दयेने. जन्मतः एखादं इंद्रिय कमी असलेल्या माणसाकडे चांगली माणसं पाहतात, तसं.

तिच्या हिशेबात चूक एवढीच झाली, की मामाला नुसती दया येत नाही. दया आली की तो सुधारायला निघतो.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड होड्यांतून उतरलं. खाडीच्या बाजूच्या मैदानात मांडव होता. एका टोकाला बोहलं, दुसऱ्या टोकाला ऑर्केस्ट्राचं चिमुकलं स्टेज. स्टेजवर गायक आणि कीबोर्डवाला एवढेच मावत होते, त्यामुळे बेस वाजवणारा मितेश काळ्या स्पीकरांच्या भिंतीमागे स्टुलावर बसला होता. तो दिसत नव्हता, आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

नवऱ्या मुलाला पाट मांडून बसवलं. मामाचा आहेर आला. टॉवेल, टोपी, शर्टपीस आणि वर कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. कागद फाडला तर आत एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो. हातात बेस, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही.

“जावयबापू,” मामा मायेने म्हणाला, “भजन चांगलंच हाय. पन मानसानं एकाच ठिकानी थांबू नाय. हा एन्टविसल. जगातला सगल्यात मोठा बेसवादक. घरात लावा. रोज बगा. हलूहलू कलंल.”

मांडवाशेजारच्या घरातल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेल्या कल्पिताला हे खिडकीतून दिसत होतं. तिने तिथूनच अनिरुद्धकडे पाहिलं आणि कामावरच्या सवयीने मनात म्हणाली, श्वास घे, रोखून धर.

अनिरुद्धने श्वास घेतला. रोखून धरला. त्याचे कान लाल झाले, मग गाल. फोटोग्राफर म्हणाला, “सर, स्माइल.” तिथे तो सुटला.

“रॉकमधला म्हणायचंय ना तुम्हाला?” तो म्हणाला.

मामाने टोपी सारखी केली. “म्हंजे?”

“नाही, म्हणजे रॉकमध्ये ठीक आहेत. त्या मानाने. पण जगातला म्हटलं, की जॅकोचं नाव आल्याशिवाय...”

“कोन जॅको? तो गिटारीचे पडदे उपटनारा?”

मांडवातल्या अर्ध्या लोकांच्या माना वळल्या. पडदे म्हणजे बेसच्या मानेवरच्या, बोटं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या पट्ट्या. जॅकोने त्या काढून टाकल्या होत्या असं म्हणतात. हे मामाला ठाऊक होतं याचा अनिरुद्धला धक्का बसला, आणि भजनवाल्या जावयाला जॅको ठाऊक होता याचा मामाला. दोघांनाही एकदमच कळलं की कल्पिताने आपल्याला फसवलंय. पण तिच्यावर रागावायला दोघांनाही त्या घडीला सवड नव्हती.

“ज्याला येतं त्याला पडदे लागत नाहीत, मामा.”

“ज्याला बायकोच्या घरी जेवायचा हाय त्यानं तोंड सांभालावा.”

“तुमचा एन्टविसल स्टेजवर खांबासारखा उभा राहायचा.”

“खांब होता म्हनून वरचा छप्पर टिकला. तुजा जॅको काय, नुसती वलवल. आनि तो मिंगस, त्याला वाजवायला वेल कुटं, सगला जन्म दुसऱ्यांवर वरडन्यात गेला.”

“मिंगसबद्दल बोलायला आधी ऐकावं लागतं.”

हे वाक्य अनिरुद्ध अंधेरीच्या ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा आणि तिथे कोणी मनावर घेत नसे. इथे मात्र मामा उठला. खांद्यावरचा नवा टॉवेल झटकला, कोणाकडेही न बघता मांडवाबाहेर गेला, आणि खाडीच्या चिखलात कलंडलेल्या आपल्या बोटीत चढून समोरच्या पाण्याकडे तोंड करून बसला.

बातमी मांडवात फिरली. पहिल्या रांगेत ती ‘जावयाने मामाचा आहेर परत केला’ अशी होती. मधल्या रांगेत ‘मुलाचं जॅको नावाच्या कुणाशी आधीच ठरलंय’ अशी झाली. जेवणाच्या मंडपात पोचली तेव्हा जिलेबीवाल्याने कढईखालचा गॅस बंद केला आणि हात पुसत विचारलं, “मग पाक ठेवू की ओतू?”

लग्नात रुसणं ही काही माणसांची हक्काची जागा असते, आणि ती मिळाली की ती माणसं वर्षभराचं रुसून घेतात. त्याची रीतही ठरलेली आहे. समोरच्या घरातल्या वडीलधाऱ्याने शेला-नारळ घेऊन जायचं, दोन गोड शब्द बोलायचे, रुसलेल्याने नारळ घ्यायचा आणि जसं काही झालंच नाही अशा तोऱ्यात परत यायचं. फक्त एक आहे. मानाचा नारळ एकदा हातात घेतला की तो दिल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. घरी परत तर अजिबात न्यायचा नाही. अपशकुन.

अनिरुद्धचे वडील भिकाजी परब शेला-नारळ घेऊन चिखल तुडवत बोटीपाशी गेले. बिचारे गिरणीत आयुष्य काढलेले, मालवणहून आलेले सरळ गृहस्थ. बेस हा शब्द त्यांनी घरात इतक्यांदा ऐकला होता की तो आपल्या मुलाचा काहीतरी जुना आजार आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

“जयवंतमामानू,” ते म्हणाले, “पोरगो आसा. चुकलो. ह्यो नारळ घेवा.”

“नारल नको,” मामा पाण्याकडे बघत म्हणाला. “पोराला माइकवर सांगू दे. जगातला सगल्यात मोठा बेसवादक एन्टविसल. एवरा बोलला की मी येतंय.”

भिकाजी नारळ घेऊन परत. मुलाला गाठून म्हणाले, “अरे मेल्या, तुका लगीन करूचा हा की नाय? मामा म्हणता तसा बोलून टाक. तोंड काय झिजतला?”

“बाबा, प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तो जॅको तुझ्या लग्नाक येतलो हा काय?”

“तो वारला.”

“मगे त्याका तरी कसलो राग येतलो!”

हा मुद्दा बिनतोड होता, पण अनिरुद्धला बिनतोड मुद्द्यांची ॲलर्जी होती. भिकाजी नारळ छातीशी धरून मांडवाच्या मधोमध उभे राहिले. तो देता येईना आणि ठेवता येईना. त्यांना नाकावरची माशीसुद्धा हाकलता येत नव्हती.

शेवटी कल्पिताच उठली. नऊवारी सावरत, मुंडावळ्या बाजूला करत ती थेट अनिरुद्धच्या पाटासमोर जाऊन उभी राहिली. मुहूर्ताआधी नवरीने असं यायचं नसतं, असं कुणीतरी पुटपुटलं. तिने त्या कुणालातरी एका नजरेत बसवलं.

“अनि, माइक घे आणि बोल.”

“कल्पिता, खोट्याने संसाराची सुरुवात करायची?”

“तू मला आवडतोस असं मी रोज सांगते. आत्ता या क्षणी तेही खोटंच आहे. म्हणून मी थांबलेय का? बोल.”

“एन्टविसल सोडून कुणाचंही नाव सांग.”

“बरं, दोघंही नकोत. पॉल मॅककार्टनी म्हण. ते नाव मीसुद्धा ऐकलंय.”

अनिरुद्धने तिच्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की तिला हातातला शेवंतीचा गजरा त्याच्या तोंडात कोंबावासा वाटला. ती तशीच वळली आणि चिखलात उतरली. पैठणीचा काठ गेला तर जाऊ दे.

बोटीच्या कठड्याला धरून तिने हाक मारली. “मामा.”

मामा वळला नाही. त्याची पाठ मात्र जरा हलली.

कल्पिता शाळेत असताना तिचे वडील समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून शाळेतल्या पालकसभेला मामाच यायचा. अंगाला बोंबलाचा वास, शेवटचा बाक, आणि बाई बोलत असताना बाकावर दोन बोटांनी चाललेला ठेका. पोरी हसायच्या. कल्पिताला लाज वाटायची आणि तो आला नाही तर रडू यायचं. बोहल्यावर न्यायला त्याचा हात नसेल तर आपण चढायचंच नाही, हे तिने फार लहानपणी ठरवून टाकलं होतं. आणि आता तो हात एका मेलेल्या इंग्रज माणसासाठी बोटीच्या कठड्यावर मूठ वळून बसला होता. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

“तू आला नाहीस तर मी चढणार नाही,” ती म्हणाली. “होड्या उभ्याच आहेत. वऱ्हाड परत जाईल.”

“मग त्याला सांग एन्टविसल म्हन.”

“तो म्हणणार नाही. तुझ्यासारखाच आहे तो. दोघं मिळून मॅककार्टनीवर का नाही समेट करत?”

आता मामा वळला. त्याच्या चेहऱ्यावर तीच करुणा होती जी तिने मघाशी पाटावर पाहिली होती. सख्खे बाप-लेक इतके एकसारखे दिसत नाहीत. “पोरी,” तो म्हणाला, “तुला बेस कधी ऐकूच आला नाय बग.”

आणि त्याच क्षणी वीज गेली.

मांडवातले पंखे थांबले. गायकाचा माइक गेला, त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पोरं ओरडली. स्टेजच्या मागे, कनातीपलीकडे, कुणीतरी धावलं, दोरी ओढल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने ऑर्केस्ट्रा पुन्हा सुरू झाला. तोच गायक, तोच कीबोर्ड. फक्त आता त्याखाली एक भरदार, खोल, न हलणारा सूर लागला होता. तो चिखलातून बोटीच्या लाकडापर्यंत पोचत होता.

मामाने मान वर केली. डोळे बारीक केले. हात कठड्यावर सपाट ठेवला.

“ह्यो कोन वाजवतंय?” तो हळूच म्हणाला.

“मितेश असेल,” कल्पिता नाक ओढत म्हणाली.

“मितेश? त्याला मी किती वर्सं ऐकतंय. मितेश असा नाय वाजवत.” मामा बोटीतून खाली उतरला. चप्पल बोटीतच राहिली. “सूर बग कसा धरलाय. हलत नाय. काय छाती पायजे.”

तो मांडवाकडे चालू लागला. कल्पिता मागोमाग. आत अनिरुद्ध पाटावरून उठून स्पीकरांच्या भिंतीसमोर उभा होता. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, देवळात असतो तसा.

“ऐकताय ना?” तो डोळे न उघडता म्हणाला.

“ऐकतंय,” मामा त्याच्या शेजारी उभा राहिला.

“गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, पट्टी बदलली. हा एक स्वरही बदलायला तयार नाही. किती संयम आहे.”

“हावरट नाय,” मामा म्हणाला. “एक नोट, पन अशी की बाकीच्यांची गरजच नाय.”

“जॅकोला हे जमलं नसतं,” अनिरुद्ध म्हणाला. “जॅकोला मोह आवरत नसे.”

मामाने टोपी काढून हातात घेतली. मग खाली बघत तो म्हणाला, “एन्टविसलनं पन मदीच काहीतरी कारागिरी केली असती.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या देवांसाठी भांडलो त्यांना दोघांनी एकाच मिनिटात खाली उतरवलं होतं. अनिरुद्धने वाकून मामाच्या पायाला हात लावला, मामाने त्याला उठवून छातीशी धरलं, आणि हे पाहून जिलेबीवाल्याने गॅस पेटवला.

कल्पिताचंही मन भरून आलं होतं. डोळे पुसायला ती जरा बाजूला वळली, आणि तिची नजर जेवणाच्या मंडपाकडे गेली. पहिल्या पंगतीत, अगदी कडेला, मितेश बसला होता. पानात पुरी, बोटांना जिलेबीचा पाक. तो फार शांतपणे जेवत होता.

तिने पुन्हा स्पीकरांकडे पाहिलं. मग स्पीकरांमागच्या कनातीकडे. कनातीच्या फटीतून थोडा निळसर धूर येत होता आणि डिझेलचा वास.

अंधेरीच्या लॅबमध्ये काही फोटो असे निघतात, की ते पाहून तिला हसू येतं आणि पेशंट समोर असल्यामुळे हसता येत नाही. तिने तोच चेहरा केला.

“मामा,” ती गोड आवाजात म्हणाली, “मुहूर्त जवळ आलाय. नेतोस ना मला?”

“चल गो,” मामा म्हणाला. “असा बेस लागला असताना नाय कशाला म्हनू?”

भिकाजी लगबगीने पुढे आले. “मामानू, मगे ह्यो नारळ?”

“मना कशाला? मी नारलासाठी नाय आयलो. ज्यानं मना बोटीतून उठवला त्याला द्या मान. त्याचाच हाय.”

“बोललास हां,” कल्पिताची आई मथुरा म्हणाली. तिला भावाचे शब्द पक्के करून घ्यायची सवय होती. “मांडवात बोललास. शब्द म्हंजे शब्द.”

“शब्द,” मामा म्हणाला. भिकाजींनी नारळ पुन्हा छातीशी धरला.

अनिरुद्ध बोहल्यावर उभा राहिला. अंतरपाट धरला. मामाचा हात धरून कल्पिता निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिचं लक्ष मांडवाबाहेर गेलं. समोरच्या घरातला पंखा फिरत होता. वीज आली होती. जनरेटरवाला विडी विझवून कनातीमागे जायला वळला होता.

“आई,” ती ओठ न हलवता म्हणाली, “त्याला सांग, अक्षता पडेपर्यंत जनरेटर बंद करायचा नाही.”

“अगो, लाइट आयली. डिझेल फुकट जलतंय.”

“जळू दे. तुला माझं लग्न बघायचंय ना?”

मथुरा गेली. ती जनरेटरवाल्याला काय म्हणाली कोण जाणे, पण तो पुढची सगळी मंगलाष्टकं जनरेटरकडे पाठ करून आणि हात जोडून उभा राहिला.

गायक थांबला. कीबोर्ड थांबला. भटजींनी सूर लावला, आणि त्या सुराखाली तो दुसरा सूर तसाच चालू राहिला.

“मंगलाष्टकांना साथ करतोय,” अंतरपाटाच्या पलीकडून अनिरुद्धचा गहिवरलेला आवाज आला.

“बिदागी मागितली नसंल तरी देऊ,” कल्पिताच्या मागून मामा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. ते भाचीसाठी होतं की बेससाठी, हे विचारायची कल्पिताला हिंमत झाली नाही. तिने मात्र त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि तो तिथे होता, एवढं तिला पुरलं.

शेवटचं ‘सावधान’ झालं. अक्षता पडल्या. हार गळ्यात पडले. डिझेलचा एक थेंबही वाया जाऊ न देणाऱ्या मथुराने कनातीकडे बोट केलं, आणि तो सूर एक आचका देऊन, थोडा खोकून बंद पडला.

अनिरुद्ध आणि मामा दोघांच्याही माना एकाच वेळी वळल्या. हे मात्र मान्य करायला हवं. बेस थांबला की बहिऱ्यालाही कळतं, म्हणतात ते खरं ठरलं.

“थांबला,” मामा म्हणाला. “दमला असंल. चला, मान देऊन येऊ.”

पुढे मामा, मागे गळ्यात हार घातलेला नवरा मुलगा, त्याच्या मागे नारळ घेतलेले भिकाजी, अशी मिरवणूक स्पीकरांमागे गेली. तिथे एक स्टूल होतं. स्टुलाला टेकून एक बेस होता. त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली होती. आणि कनातीची फट आता वाऱ्याने उघडी पडली होती. त्यातून गरम डिझेलचा भपकारा येत होता, आणि जनरेटरवाला नवी विडी पेटवत होता.

तेवढ्यात बोटं चाटत मितेश आला.

“काय झालं?” तो म्हणाला. “शोधत होते का मला? लाइट गेली तेव्हाच जेवून घेतलं म्हटलं. नाहीतरी कोणाला कळणारे.”

मामाने स्टुलाकडे पाहिलं. मग फटीतून जनरेटरकडे. अनिरुद्धने गळ्यातला हार उगाचच सारखा केला. दोघांपैकी एकजण तरी आता हसेल, अशी कल्पिता वाट पाहत होती. ती चुकलीच.

“मुद्दा असा आहे,” अनिरुद्ध घसा साफ करत म्हणाला, “की वाजवणारा कोण, हा प्रश्न दुय्यम आहे.”

“सूर खराच होता,” मामा ठामपणे म्हणाला. “मानसाच्या हातानं नाय लागला, एवराच.”

“नारळ,” भिकाजी रडकुंडीला येऊन म्हणाले. “माझो हात मोडलो.”

“शब्द म्हंजे शब्द,” मथुरा पाठीमागून म्हणाली. “ज्यानं उठवला त्याला.”

मग मामाने स्वतः कनात बाजूला केली. भिकाजींनी जनरेटरवर शेला पांघरला, नारळ ठेवला आणि एवढ्या वेळाने मोकळे झालेले दोन्ही हात हवेत झटकले. मथुराने हळदकुंकू वाहिलं. बोटीच्या इंजिनाला दरवर्षी वाहते, तसंच. जनरेटरवाल्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण त्याने मान वाकवून नमस्कार स्वीकारला. नवरा मुलगा आणि मामा खांद्याला खांदा लावून, हात जोडून उभे होते. इतकी शांती कल्पिताने त्या दोन चेहऱ्यांवर पूर्वी कधी पाहिली नव्हती, आणि आपण कुठल्या घरातून निघून कुठल्या घरात चाललो आहोत, हे तिला त्या घडीला पुरतं समजलं.

मितेशने हात धुऊन बेस उचलला, वायर सोडवली आणि विचारलं, “मग मी आता वाजवू ना?”

“नको,” दोघं एकदमच म्हणाले.